साठ वर्षांची खानेसुमारी

पर्ल हार्बरवरील हल्ल्याला पुरते तीन महिनेही लोटले नव्हते, तोच १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका हुकमावर सही केली. त्या हुकमाच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावर पिढीदोनपिढ्या स्थिरावलेल्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना, ज्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते, घरेदारे, दुकाने आणि फुलविलेले मळे मागे टाकून दूरच्या वैराण मुलखातील छावण्यांत जाऊन राहणे भाग पडले. आरिझोनातील पोस्टन ही त्यांपैकी एक मोठी छावणी. ती उभारली गेली कोलोरॅडो नदीकाठच्या आदिवासींच्या राखीव भूमीवर. त्यांच्या पंचायतीने विरोध नोंदविला, आणि नोंदवून घेण्यापलीकडे त्या विरोधाचे कोणी काही केले नाही. ज्यांना एकदा हुसकून त्या कोपऱ्यात आणून बसविले होते, त्यांच्याच उरल्यासुरल्या जमिनीवर सरकारने नव्याने हुसकलेल्यांची वसाहत बसविली.

पोस्टनच्या छावणीत एक समाजशास्त्रीय संशोधन कचेरी होती. अलेक्झांडर लेटन नावाचे मनोवैद्य तिचे प्रमुख. तारेच्या कुंपणाआडची माणसे कशी वागतात, कशाने बिथरतात, कशाने निवळतात, याचा अभ्यास करून व्यवस्थापकांना सल्ला द्यावा, ही तिची नेमणूक. त्या कचेरीत पंचविशीतली एक विद्यार्थिनी साहाय्यक म्हणून काम करू लागली. तिचे नाव एलिझाबेथ कोल्सन. मिनेसोटातील ह्यूइट या लहानशा गावी १९१७ साली जन्मलेल्या आणि पुढे सक्तीच्या स्थलांतराच्या अभ्यासाला ज्यांनी आपले उभे आयुष्य वाहिले, त्या कोल्सनबाईंची या विषयाशी पहिली गाठ पडली ती अशी कुंपणाच्या आत, आणि हुसकणाऱ्याच्या पगारावर. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विस्थापितांविषयीचे पुष्कळसे ज्ञान विस्थापित करणाऱ्यांच्या दफ्तरातून जन्मले आहे, आणि या विद्याशाखेच्या कपाळावरचा तो डाग पुसून टाकण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा तो ओळखून काम करणाऱ्यांच्या हातूनच तिचे भले झाले आहे.

युद्ध संपता संपता कोल्सनबाईंनी मकाह या वायव्य किनाऱ्यावरील मूळ अमेरिकन जमातीवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली आणि १९४६ साली त्या आफ्रिकेत, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन संस्थेत दाखल झाल्या. मॅक्स ग्लुकमन हे संस्थेचे संचालक होते. ते ऑक्सफर्डला निघून गेल्यावर संस्थेची सूत्रे काही वर्षे कोल्सनबाईंकडेच आली. त्या काळात पठारावरील टोंगा लोकांत राहून त्यांनी जे काम केले, ते नातेसंबंधांच्या अभ्यासात आजही प्रमाण मानले जाते. त्याच्या तपशिलात मी शिरत नाही. पठाराच्या खाली, झांबेझी नदीच्या ग्वेंबे नावाच्या उष्ण खोऱ्यात, त्याच टोंगांचे भाऊबंद राहत होते. आपली खरी हकीकत तेथून सुरू होते.

ग्वेंबेच्या टोंगांचे जीवन नदीच्या चढउतारावर बेतलेले होते. पावसाळ्यात वरच्या जमिनीत एक पीक. आणि पूर ओसरून काठ उघडा पडला की ओलाव्यावर दुसरे. आपल्याकडे कृष्णा-भीमेच्या काठचा शेतकरी ज्या जमिनीला गाळपेर म्हणतो, तशाच त्या जमिनी. आणि टोंगा मातृवंशीय असल्यामुळे त्यांतील पुष्कळ तुकड्यांवर बायकांचा स्वतःचा, वंशपरंपरेने आलेला हक्क असे. वरच्या पिकाने दगा दिला तरी काठचा तुकडा घर तारून नेई. हे सारे १९५५ साली बुडीत ठरले. मध्य आफ्रिकेच्या त्या वेळच्या संघराज्य सरकारने काफूए नदीवरचा मूळचा धरण-बेत बाजूला सारून झांबेझीवर करिबा येथे धरण बांधण्याचे ठरविले. तांब्याच्या खाणींना आणि दक्षिणेकडील गोऱ्या वसाहतींच्या कारखान्यांना वीज हवी होती. जागतिक बँकेने त्यासाठी १९५६ साली आठ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तोवरचे तिचे सर्वांत मोठे. नदीच्या दोन्ही काठांवरील मिळून सुमारे सत्तावन्न हजार माणसांना उठावे लागणार होते. त्यांच्याविषयी बँकेचे काही धोरण असावे, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनात नव्हती.

त्याच १९५६ साली, पाणी चढण्यापूर्वीच, कोल्सनबाई ग्वेंबेत उतरल्या. बरोबर हार्वर्डचा सव्वीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, थेअर स्कडर. दोघांनी कामाची वाटणी केली: बाईंनी समाजरचना घ्यावी, स्कडर यांनी शेती, निसर्ग आणि अन्न. आणि दोघांनी मिळून जे केले ते दिसायला अगदी साधे होते. काही निवडक गावांची त्यांनी घरटी खानेसुमारी केली. कोण कोणाचा कोण, कोणाचे कोणाशी लग्न झाले, देज म्हणून काय दिले, किती गुरे, कोठे कोणते शेत, कोण मजुरीसाठी शहरात गेला आहे आणि कोणाच्या घरी कोणाचा पितर पुजला जातो, अशी ती नोंद होती. यापुढे या दोघांनी जन्मभर जे केले त्याचे सार इतकेच, की तीच वही घेऊन ते पुन्हा पुन्हा त्याच गावांत गेले. मेलेल्यांच्या नावापुढे खूण, जन्मलेल्यांची नवी ओळ, निघून गेलेल्यांचा ठावठिकाणा. दोन भेटींच्या मधल्या काळात गावातलीच शिकलेली माणसे रोजनिशी ठेवीत: आज अमक्याच्या घरी भांडण झाले, तमक्याचा बैल विकला गेला, पाऊस आला नाही. चार गावांपुरती ती मोजदाद अर्धशतकाहून अधिक काळ चालू राहिली, आणि जगातील दीर्घ मुदतीच्या मानवशास्त्रीय अभ्यासांत ग्वेंबेचे नाव आज पहिल्या ओळीत घेतले जाते.

हलविण्याचे काम कसे झाले, याची हकीकत अप्रिय आहे. धरणाची उंची मूळ अंदाजापेक्षा वाढली, तेव्हा आधी दाखविलेली जमीनही अपुरी पडली आणि चिपेपो नावाच्या मुखियाच्या अमलाखालील सुमारे सहा हजार लोकांना शंभर मैलांहून दूर, धरणाच्या खालच्या अंगाला, लुसितू येथे जावे लागेल असे फर्मान निघाले. लोकांनी नकार दिला. खुद्द गव्हर्नर येऊन समजावून गेले. लोक भाले घेऊन उभे राहिले. आणि १० सप्टेंबर १९५८ रोजी चिसोमो गावी पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांत आठ टोंगा ठार झाले. मग माणसे, कोंबड्या, धान्याच्या कणग्या आणि दारांच्या फळ्या मालमोटारींत चढल्या. डिसेंबरात धरणाचे दरवाजे बंद झाले. लुसितूला पोहोचलेल्यांत हगवणीने मुले दगावली, आणि पुढच्याच वर्षी काही आठवड्यांत बायका-मुले एकामागून एक अशा आजाराने मेली की ज्याचे कारण डॉक्टरांना खात्रीने सांगता आले नाही. लोकांना मात्र शंका नव्हती. परक्याच्या भूमीत आपण येऊन बसलो आहोत, आणि तेथल्या पितरांना ते मान्य नाही.

याच सुमारास करिबाचे नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकत होते, ते मात्र निराळ्या कारणाने. चढत्या पाण्यात बेटांवर अडकलेली हरणे, वानरे, गेंडे आणि साप होडग्यांतून सोडवून आणण्याची एक मोहीम रूपर्ट फोदरगिल या वनाधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली निघाली होती. बायबलातील नोआचे नाव तिला दिले होते, आणि सहा हजारांहून अधिक जनावरे तिने वाचविली. दुरूनही वाचकांचे काळीज द्रवले. त्या जनावरांविषयी माझ्या मनात अढी नाही; पण सत्तावन्न हजार माणसांच्या वाट्याला त्याच वाचकांच्या कळवळ्याचा शतांशही आला नाही, आणि जनावराला परत जायचे नसते, माणसाला असते, एवढा फरक त्या कळवळ्याच्या हिशेबात कधी धरला गेला नाही.

कोल्सनबाई आणि स्कडर १९६२-६३ मध्ये परत आले, तेव्हा नव्या वस्त्यांत लोक घरे बांधून स्थिरावू लागले होते, पण त्यांचा धीर सुटल्यासारखा होता. नवे पीक घेऊन पाहावे, नवी अवजारे घ्यावीत, असा आग्रह अधिकारी धरीत, आणि लोक जुन्याला अधिकच घट्ट धरून बसत. त्यांच्या मुखियांचा मान उतरला होता, कारण ते लोकांना वाचवू शकले नव्हते. गावागावांत पाऊस मागण्यासाठी, पेरणीच्या आरंभी, ज्या पवित्र स्थानी पूजा होई, तिचा मान एका विशिष्ट घराण्याकडे असे. त्या घराण्याचा मूळ पुरुष त्या भूमीत पहिल्याने वसलेला, म्हणून भूमीशी बोलण्याचा अधिकार त्याच्या वंशजाचा. नव्या जागी तो अधिकार कोणाचा? तेथे पहिल्याने वसलेले दुसरेच होते. आणि बायकांच्या गाळपेर जमिनी बुडाल्या होत्या. नवी जमीन जंगल तोडून पुरुषांनी काढली, म्हणून ती पुरुषांच्या नावे लागली. मोबदल्याच्या कोणत्याही तक्त्यात हा तोटा मांडला गेलेला नव्हता, कारण तक्ता करणाऱ्याने शेत किती ते विचारले होते, कोणाचे ते विचारलेच नव्हते.

येथपर्यंतची कहाणी ऐकून वाचकाचा ग्रह होईल की पुनर्वसनाचे परिणाम वाईट होतात हे त्या दोघांनी सिद्ध केले आणि संशोधन संपले. तसे झाले नाही. नवा जलाशय भरू लागताच मासे उदंड झाले, कालपर्यंत नदीकाठी शेती करणारे तरुण जाळी घेऊन कमवू लागले. त्या पैशातून गुरे आली, नांगर आले, दुकाने निघाली. १९६४ साली झांबिया स्वतंत्र झाला, शाळा वाढल्या, आणि ग्वेंबेची मुले शिक्षक, कारकून, परिचारिका होऊन बाहेर पडू लागली. १९७० च्या आगेमागे कोणी तेथे जाता, तर पुनर्वसन यशस्वी झाले असे त्याने मनापासून लिहिले असते, आणि स्कडर यांनाही त्या काळी तसे वाटू लागले होते. पुढे तांब्याचे भाव कोसळले. सरहद्दीपलीकडच्या ऱ्होडेशियातील युद्धाची झळ खोऱ्याला लागली, वाटांवर सुरुंग पेरले गेले. ऐंशीच्या दशकात दुष्काळ पडले. दाट वस्तीखाली दबलेली जमीन निकस झाली. मग तीच मुले आणि त्यांची मुले खोरे सोडून दूर काफूए अभयारण्याच्या कडेला नवी जमीन शोधीत निघाली, आणि त्या नव्या स्थलांतराचा मागोवा घेण्यासाठी लिसा क्लिगेट यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या अभ्यासकांना तीच वही पुढे न्यावी लागली.

चौथ्या वर्षी लिहिलेला अहवाल खरा होता. बाराव्या वर्षी लिहिला गेला असता तोही खरा असता. आणि विसाव्या वर्षीचा त्या दोघांनाही खोडून काढणारा. माणूस एका दिवशी उठविला जातो, पण त्याचे विस्थापन त्या दिवशी होऊन जात नाही. ते एका पिढीभर चालते, कधी दुसऱ्या पिढीतही पोहोचते, आणि ज्या सरकारी कागदांत त्याची नोंद असते त्यांची मुदत मात्र प्रकल्पाच्या हिशेबवर्षाबरोबर संपते. कोल्सन आणि स्कडर यांनी १९८२ साली या अनुभवाला सिद्धान्ताचे रूप दिले. उठविण्याचा निर्णय; संक्रमणाचा काळ, ज्यात माणसे जुन्याला कवटाळतात; मग संधी मिळाली तर धोका पत्करण्याची, वाढण्याची अवस्था; आणि अखेरीस पुढच्या पिढीच्या हाती कारभार सोपविणे, असे चार टप्पे त्यांनी मांडले. तिसऱ्या टप्प्यापर्यंत फार थोडे पोहोचतात आणि चौथ्यापर्यंत जवळजवळ कोणीच नाही, हे त्यांचे त्यांनाही दिसत होते. त्या सिद्धान्तावर टीका झाली, आणि ती रास्त होती; आयुष्य इतके ओळीने चालत नाही. पण टीका करणाऱ्यांजवळ चार गावांची वही नव्हती.

कोल्सनबाई १९६४ पासून वीस वर्षे बर्कलेच्या विद्यापीठात शिकवीत होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली. पुस्तके निघत राहिली, त्यांत स्कडर यांच्यासह लिहिलेले एक ग्वेंबेतील मद्यावरचे. विदुषीने दारूवर ग्रंथ लिहावा याचे आपल्या वाचकाला नवल वाटेल. पितरांना ओतण्यासाठी, शेजाऱ्यांच्या श्रमाची परतफेड म्हणून, लग्नात आणि मयतात बायका घरी जी मद्ये गाळीत, ती पुढे पैशासाठी विकली जाऊ लागली, मग कारखान्यातील बाटली आली. एका घागरीच्या मार्गाने एका समाजाची तीस वर्षे सांगता येतात, हे त्या पुस्तकातून उमगते.

याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये दुसऱ्या एका अमेरिकन बाईने निराळ्या स्वभावाचे काम उभे केले होते. बार्बारा हॅरेल-बॉन्ड यांनी १९८२ साली निर्वासितांच्या अभ्यासाचे केंद्र तेथे सुरू केले. सुदानच्या दक्षिण भागात आश्रयाला आलेल्या युगांडाच्या निर्वासितांमध्ये राहून लिहिलेल्या त्यांच्या ‘इम्पोझिंग एड’ या १९८६ च्या ग्रंथाने मदत करणाऱ्या संस्थांचा रोष ओढवून घेतला. कारण निर्वासिताला रांगेत उभा करून, त्याला स्वतःचे काही करू न देता, केवळ पोसण्याची जी व्यवस्था या संस्था चालवितात, ती त्यांच्या सोयीची आहे, त्याच्या नव्हे, असे बाईंनी निक्षून मांडले. छावणीत न जाता स्थानिक शेतकऱ्यांत मिसळून स्वतःच्या हिमतीवर वस्ती करणारे निर्वासितही त्यांनी पाहिले होते. हॅरेल-बॉन्ड भांडखोर, कोल्सनबाई संयमी. पण दोघींचे जमले. ऑक्सफर्डच्या त्या केंद्रातर्फे दर वर्षी होणाऱ्या एका व्याख्यानाला आज कोल्सनबाईंचेच नाव आहे. कायद्याच्या दृष्टीने सरहद्द ओलांडतो तो निर्वासित, आणि १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्याच्यासाठी कलमे आहेत, त्या करारावर भारताने आजवर सही केलेली नाही. स्वतःच्याच देशात स्वतःच्याच सरकारकडून उठविला जातो त्याच्यासाठी ती कलमे नाहीत. कोल्सनबाईंच्या अभ्यासात हे दोघे एकाच ओटीवर बसले.

स्कडर मात्र दुसऱ्या वाटेने गेले. कॅलिफोर्नियाच्या तंत्रविज्ञान संस्थेत ते प्राध्यापक झाले आणि जगभरच्या धरणांचे सल्लागारही. सल्ला देऊन पुनर्वसन सुधारता येते असा त्यांचा दीर्घकाळ विश्वास होता. जागतिक बँकेत मायकेल सेर्निया हे मूळचे रूमानियाचे समाजशास्त्रज्ञ १९७४ पासून होते. त्यांच्या खटपटीने १९८० साली बँकेने सक्तीच्या पुनर्वसनाविषयी पहिले धोरण केले. आणि ते धोरण ज्या मोठ्या प्रकल्पांवर पहिल्याने तपासले गेले त्यांत आपले सरदार सरोवर होते. १९८३ साली बँकेच्या वतीने स्कडर नर्मदेच्या खोऱ्यात आले. नर्मदेच्या पाणीतंट्यासाठी नेमलेल्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन असे लिहिलेले होते खरे, पण ते खातेदारांसाठी. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीच्या नावे सातबारा नव्हता, आणि सरकारी भाषेत तो अतिक्रमणदार होता. हा मुद्दा स्कडर यांनी त्या काळी लावून धरला. बँकेने कर्ज मात्र १९८५ साली मंजूर केले. पुढचा संघर्ष, मणिबेलीचा सत्याग्रह, १९९२ चा मोर्स समितीचा अहवाल आणि १९९३ मध्ये बँकेचे त्यातून बाहेर पडणे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको.

१९९८ साली धरणांविषयीचा जागतिक आयोग नेमला गेला, तेव्हा त्याच्या सदस्यांत स्कडर होते आणि मेधा पाटकरही होत्या. एकाने आयुष्यभर सल्ला दिलेला, दुसरीने सल्लागारांच्या दारात धरणे धरलेले. स्कडर यांनी २००५ साली आपल्या ग्रंथात जगातील पन्नास मोठ्या धरणांचा हिशेब मांडला. ज्या चव्वेचाळीसांची पुरेशी माहिती मिळाली त्यांपैकी केवळ तीन ठिकाणी विस्थापितांचे जीवनमान सुधारले होते, पाच ठिकाणी होते तेवढे राहिले, उरलेल्या छत्तीस ठिकाणी खालावले. आणि २०१४ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, मोठी धरणे ही त्यांच्या किमतीच्या लायकीची नाहीत अशा निष्कर्षाला आपण आलो आहोत हे त्यांनी जाहीर होऊ दिले. अठ्ठावन्न वर्षे पाहिल्यावर एका विद्वानाने आपले मत फिरविले. कोणी म्हणेल फार उशीर झाला. मला त्यात उशिरापेक्षा एक दुर्मिळ प्रामाणिकपणा दिसतो. आपल्याकडील तज्ज्ञ निवृत्तीनंतर आठवणी लिहितात, मते फिरवीत नाहीत.

करिबाच्या काळातच आपल्या सह्याद्रीत कोयनेचे धरण होत होते. जावळी-पाटणच्या डोंगरांतली गावे शिवसागर जलाशयाखाली गेली. माणसे सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, ठाणे आणि तेव्हाचा कुलाबा अशा जिल्ह्यांत विखुरली. आणि या विस्थापनाची पाहणी करायला इरावतीबाई कर्वे गेल्या. ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण डेक्कन कॉलेजातर्फे १९६९ साली इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी कोयनेच्या धरणग्रस्तांची जी पाहणी प्रसिद्ध केली, ती फारशी कोणाच्या वाचनात नसते. नातेसंबंधांवर भारतभर काम केलेल्या बाईंना हे विस्थापन कोठे लागले असेल याची कल्पना येते. ज्या भावकीत सोयरीक, श्रम आणि देणेघेणे चालत असे, ती भावकीच सहा जिल्ह्यांत पांगली होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये इरावतीबाई गेल्या. पाणी चढण्यापूर्वीची वही त्यांच्याजवळ नव्हती, आणि पुन्हा जाण्याइतके आयुष्य उरले नाही. महाराष्ट्राने पुढे १९७६ साली प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, असा कायदा करण्यात तो देशात आघाडीवर राहिला, आणि १९८६ व १९९९ साली तो नव्याने केला. कायदे आपण पुन्हा पुन्हा केले. पाहणी पुन्हा करण्याची मात्र निकड कोणाला भासली नाही.

लेखाच्या निमित्ताने रायगड जिल्ह्यातील कोयना पुनर्वसितांच्या एका वाडीत गेलो होतो. ओटीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी, मी काही विचारण्याआधीच, घरातून पत्र्याची पेटी आणावयास सांगितली. नातवाने ती आणून ठेवली. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, एकावर एक, पिवळे पडलेले कागद: बुडालेल्या गावचा सातबारा, भूसंपादनाची नोटीस, मोबदल्याची पावती, धरणग्रस्ताचा दाखला, कोण्या मामलेदाराच्या सहीचे जमीन दिल्याचे पत्र, ती जमीन वनखात्याची निघाल्याचे पत्र. कागदांच्या घड्यांवर आतून चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या.

“बाबा, हे सगळं तुम्ही सांभाळून ठेवलंत?”

“मग? साहेब, हे गेलं म्हंजी आमी कुनीच न्हाई. तलाठी बदलत्यात. पेटी हाय तितंच हाय.”

देव आणला का, असे विचारले. तेव्हा म्हाताऱ्याने हातानेच डोंगराकडची एक शेंदूर लावलेली शिळा दाखविली. देवीचा तांदळा त्यांनी उचलून आणला होता. गाडीत, पोत्यात गुंडाळून. “देवी आली, पन गुरव सोलापूरकडं गेला. त्याला तिकडं जमीन दाखवली हुती. मग पूजा कुनी करायची, ह्यावर चार-पाच वरसं भांडनं.” पूजेचा मान अखेर कोणाकडे गेला, ते त्यांनी सांगितले नाही, आणि नातवाने विषय बदलला. लुसितूच्या पूजास्थानांविषयी मी जे वाचले होते, ते त्या वाडीत कोणाला सांगण्याची गरज नव्हती.

त्याच कोयनेच्या काठी, दूर जाण्याचे नाकारून डोंगराच्या वरच्या अंगाला सरकलेली कुटुंबेही होती. १९८५ साली त्या परिसराचे अभयारण्य झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात गेले, आणि वर सरकलेल्यांपैकी काहींना पुन्हा उठण्याची वेळ आली. टोंगांच्या नातवंडांनी अभयारण्याच्या कडेला जमीन शोधली, आणि कोयनेच्या नातवंडांच्या जमिनीवर अभयारण्य चालून आले.

कोल्सनबाई उतारवयात झांबियातच, मोंझे येथे राहावयास गेल्या. २०१६ च्या ऑगस्टमध्ये, शंभरी अवघ्या दहा महिन्यांवर आली असता, त्या तेथेच वारल्या. ग्वेंबेत पहिल्याने वही उघडली त्याला तेव्हा साठ वर्षे होत होती. त्यांच्या नोंदी आज नव्या अभ्यासकांच्या हाती आहेत, आणि १९५६ च्या एखाद्या घरातील आजीपासून तिच्या पणतीपर्यंतची ओळ त्यांत लागते. कोण कोणत्या शहरी गेली, कोणाला काय मिळाले, कोणाला मिळाले नाही.

आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांचे संकलन, म्हणजे कोण, कोणत्या बुडीत गावचा, किती जमीन गेली आणि बदल्यात काय दिले याची तपशीलवार यादी करण्याचे काम धरणाला पन्नास वर्षे उलटून गेल्यावरही आंदोलनांच्या रेट्याखाली चालूच होते. मूळ खातेदार वारलेले. त्यांचे वारस मुंबईच्या चाळींत, माथाडी कामगारांच्या वस्त्यांत, परजिल्ह्यांत. रायगडातील त्या वृद्धांनी पेटी बंद करताना आपली अडचण सांगितली ती हीच. यादीत त्यांचे नाव आहे, धाकट्या भावाचे आहे. थोरली बहीण बुडीत गावीच जन्मली, दुसऱ्या बुडीत गावी दिली. तिच्या सासरची जमीन दिराच्या नावे होती, माहेरची भावांच्या. दोन गावे बुडाली आणि तिचे नाव एकाही कागदावर नाही. तिच्या मुलाने अर्ज केला आहे. कचेरीतील कारकुनाने त्याच्याकडे आईच्या लग्नाचा पुरावा मागितला, आणि लग्न ज्या देवळात झाले ते पाण्यात आहे.